फुटाला चारशे, बाकी वेगळं

आमच्या सोसायटीत पगार, वजन आणि सुताराला दिलेले पैसे या तीन गोष्टी कोणी खऱ्या सांगत नाही. पगार वाढवून सांगतात, वजन उतरवून सांगतात आणि सुताराचा आकडा समोर कोण बसलंय ते बघून ठरतो. पुण्याहून साडू आला असेल तर ‘फर्निचरलाच सात लाख गेले हो’ असं थकलेल्या आवाजात सांगायचं. शेजारी काम काढणार असल्याची कुणकुण लागली तर ‘आमचं तर सगळं मिळून साठ हजारांत आटपलं’ असं जाता जाता बोलून जिना उतरायचा, म्हणजे त्या माणसाचा पुढचा महिना खराब जातो.

बेडरूममध्ये भिंतभर कपाट करायचं ठरलं तेव्हा हे आकडे गोळा करत मी इमारतभर फिरलो. तळमजल्यावरच्या काकांचे साठ हजार म्हणजे नुसती मजुरी निघाली. प्लाय, मायका, बिजागऱ्या हे सगळं त्यांच्या जावयाने आणलं होतं, आणि जावयाने आणलेल्या वस्तूची किंमत काढायची नसते. दुसऱ्या मजल्यावरचा हिशोब ‘विथ मटेरियल’ होता, पण कुलुपं, हँडल आणि आतल्या रॉड यांना ते लोक मटेरियल मानत नव्हते. चौथ्या मजल्यावरच्या मावशींनी तेवढा वही उघडून पै-पैचा खरा हिशोब दाखवला. वही २००९ ची होती.

आम्ही जोगेश्वरी पूर्वेला राहतो. हॉलमध्ये कॅरम मांडला की बेडरूममध्ये जायला सोंगट्या आवरेपर्यंत थांबावं लागतं, एवढी ऐसपैस जागा. अशा घरात कपाट ही चैन नसते, ती जादा खोली असते. भाव काढायला मिस्त्री आला तेव्हा त्याच्या कानामागे पेन्सिल होती, हातात टेप होती आणि चेहऱ्यावर आधीच्या सुताराने आमचं काय वाटोळं केलंय ते आल्याआल्या कळल्याची खंत होती. आमच्याकडे आधी कधीही सुतार आला नव्हता. मग त्याने ती खंत भिंतीकडे वळवली. एक डोळा मिटून भिंतीवरून नजर फिरवली आणि म्हणाला, “दीवार गुनिया में नहीं है.” भिंत गुण्यात नाही हे प्रत्येक सुतार प्रत्येक भिंतीला म्हणतो आणि मुंबईत ते प्रत्येक वेळी खरं असतं. वर आणि खाली मोजलं तर सहा फुटांत चांगला पाऊण इंच फरक निघाला. हा फरक बुजवायची पट्टी बिल्डर देत नाही. ती सुतार देतो आणि तिचे पैसे आपण देतो.

मापं घेऊन झाल्यावर त्याने आमच्याच पांढऱ्या भिंतीवर पेन्सिलीने गणित मांडलं. सहा फूट रुंद, सात फूट उंच, म्हणजे ४२. वर दोन फुटांचा लॉफ्ट, त्याचे १२. एकूण ५४ चौरस फूट, गुणिले ४००, मजुरी २१,६०० रुपये.

या धंद्यातली मेख इथे आहे. कपाटाचा भाव समोरच्या तोंडावर ठरतो. मागे ते दोन फूट खोल आहे, त्यात उभे पार्टिशन आहे, कप्पे आहेत, हे सगळं त्या ५४ मध्ये मुकाट्याने बसतं. आमच्या बायकोला हे कळल्यावर तिचे डोळे चमकले. खोली फुकट असेल तर दोन फुटांऐवजी अडीच करा, असं तिने सुचवलं. मिस्त्री गालात हसला. हे सुचवणारं जोगेश्वरीतलं हे पहिलं घर नसावं. मजुरी समोरून मोजतात, पण प्लाय काही समोरून लागत नाही. दोन बाजू, वर-खालच्या फळ्या, मधलं पार्टिशन, कप्पे आणि दारं मांडत गेलं तर आठ बाय चारच्या सहा शीट सहज जातात, पाठीमागचा ६ एमएमचा प्लाय वेगळा. अडीच फूट खोलीला शीट उभी चिरल्यावर दीड फुटाची पट्टी उरते. ती आपल्या घरात कशालाच बसत नाही, मिस्त्रीच्या पुढच्या गिऱ्हाइकाकडे मात्र बरोबर बसते.

पैसे द्यायच्या तीन तऱ्हा असतात. हजेरीवर लावलं तर आमच्या भागात सध्या मिस्त्रीचे १,४०० आणि हेल्परचे ८०० सांगतात. फुटावर दिलं तर वर मांडलं तसं. तिसरी तऱ्हा ‘विथ मटेरियल’, फुटाला दीड हजाराच्या आसपास, म्हणजे डोळे मिटायचे आणि थेट कपाट झाल्यावर उघडायचे. माणूस तोच असतो, त्याचा वेग मात्र तऱ्हेप्रमाणे बदलतो. हजेरीवरचा मिस्त्री एका फळीला सकाळपासून रंधा मारतो आणि अधूनमधून तिच्यावर अंगठा फिरवून समाधानाने मान हलवतो. फुटावरचा मिस्त्री असा वाऱ्यासारखा काम करतो की आपण चहा ठेवून वळेपर्यंत दोन कप्पे उभे असतात, त्यातला एक उलटा. विथ मटेरियलवाल्याच्या कामात खोट काढता येत नाही, कारण त्याने आत काय घातलंय ते मायका चिकटल्यावर वाळवीशिवाय कोणाला कळत नाही.

हजेरीचा पर्याय आमच्या सोसायटीने आपोआप बाद केला. नियमाप्रमाणे काम सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, आणि त्यात दुपारी दोन ते चार ठोकाठोक बंद, कारण ज्येष्ठ नागरिक झोपतात. पण ज्येष्ठ नागरिकांबरोबर मिस्त्री आणि हेल्परही झोपतात. आमच्या हॉलमध्ये, आमच्या पंख्याखाली. आठ तासांच्या हजेरीतले दोन तास धरले तर मिस्त्रीची झोप ३५० रुपयांची आणि हेल्परची २०० ची. एवढी महाग झोप मी स्वतः कधी घेतलेली नाही. म्हणून फुटावर ठरलं. बायकोने घासाघीस करून चारशेचे तीनशे ऐंशी केले आणि १,०८० रुपये वाचवले. त्या दिवशी घरात आम्रखंड आलं, त्याचे पैसे यात धरलेले नाहीत.

प्लायच्या दुकानात गेलो की आपण इतकी वर्षं लाकूड या विषयावर गप्प होतो ते किती बरं होतं हे कळतं. दुकानदार विचारतो, “तीनसो तीन की सातसो दस?” हे भाव असावेत असं वाटून आपण स्वस्तातलं मागतो. ते भारतीय मानकांचे नंबर असतात. ३०३ हा सर्वसाधारण कामाचा प्लाय, ७१० म्हणजे मरीन, पाणी सोसणारा. मरीन हा शब्द ऐकला की मध्यमवर्गीय माणूस हळवा होतो. आपल्या साड्या आणि स्वेटर समुद्रात उतरणार नाहीत हे माहीत असूनही त्याला तोच हवा असतो, कारण ‘एकदाच करायचंय’. हे ‘एकदाच करायचंय’ वाक्य दुकानदाराच्या कानावर पडू देऊ नये. पडलं की तो खुर्चीवरून उठतो आणि आतल्या बाजूचा माल दाखवतो.

११० रुपये फुटाचा प्लाय घेतला तर ३२ फुटांच्या एका शीटचे ३,५२० होतात, वर १८ टक्के जीएसटी. २०१७ च्या जुलैत हा कर २८ टक्के होता, नोव्हेंबरात १८ वर आला, असं दुकानदार अशा उपकाराच्या सुरात सांगतो की जणू दिल्लीला जाऊन त्यानेच तो कमी करवून आणला. सहा शीटचे करासकट २४,९२१ रुपये ६० पैसे. साठ पैसे त्याने सोडले.

पण आठ फुटांची शीट आमच्या लिफ्टमध्ये शिरत नाही. दुकानाचा टेम्पो गेटपर्यंत, पुढे हमाली शीटप्रमाणे आणि माळ्याप्रमाणे. आम्ही पाचव्या मजल्यावर. ही जागा घेताना ‘वरचा मजला, हवा छान’ असं म्हणून जादा पैसे मोजले होते, त्याच हवेचे आता परत मोजले. शिवाय सोसायटीचा अर्ज, अनामत रक्कम आणि राबिट उचलण्याचे वेगळे. ‘लाकडाच्या भुशाला राबिट म्हणत नाहीत’ या मुद्द्यावर मी सेक्रेटरींशी तात्त्विक वाद घातला. तो मी जिंकलो. पैसे भरावेच लागले.

मायक्याचा कॅटलॉग हा खर्चाचा नव्हे, संसाराचा विषय आहे. त्यात नुसता पांढरा रंग पानंच्या पानं असतो आणि प्रत्येक पांढऱ्याला थंड हवेच्या ठिकाणाचं नाव असतं. बायकोला जो पांढरा हवा होता तो आईला पिवळट वाटत होता. मला ते दोन्ही एकच दिसत होते, पण तसं म्हणायची ती वेळ नव्हती. बिजागऱ्यांचा खर्च मात्र नोंदवण्यासारखा. खाली चार दारं, प्रत्येकाला चार. वर लॉफ्टला चार, प्रत्येकाला दोन. एकूण २४ बिजागऱ्या. साध्या घ्या असं मिस्त्री सांगत होता. पण दुकानात आवाज न करता हळूच मिटणारं दार दाखवलं आणि बायको ते परत परत उघडून सोडू लागली, तेव्हाच मी पाकीट काढलं. बिजागरीमागे ७० रुपये जादा, म्हणजे १,६८०. घासाघिशीत वाचवलेले १,०८० या एका काउंटरवर गेले, वर ६०० अंगावर आले. दार आता आवाज न करता मिटतं. आईला वाटतं ते नीट लागलंच नाही, म्हणून ती वरून एक धक्का देते.

इतका ताप घेण्यापेक्षा तयार घ्या, असा सल्ला देणाऱ्यांना फर्निचरच्या बाबतीत जोगेश्वरीकर किती भाग्यवान आहेत ते माहीत असतं. रूळ ओलांडून पश्चिमेला गेलं की एस. व्ही. रोडवर ओशिवऱ्याचा अख्खा फर्निचर बाजार पसरलेला आहे. तिथे नवीन माल आहेच, शिवाय जुन्या आणि ‘अँटिक’ मालाची दुकानं आहेत, आणि सिनेमा-मालिकांच्या सेटवर तिथून सामान जातं. तिथली गंमत अशी की नवं टेबल स्वस्त आणि तेच टेबल घासून, डाग पाडून, पितळी कड्या लावून जुनं केलं की महाग. आमच्या घरात अशी आपोआप जुनी झालेली चार टेबलं आहेत, ती भंगारवाला फुकट न्यायलाही तयार नाही. एका दुकानात बर्मा टीकचं दोन दारी कपाट बघितलं. जुन्या पारशी घरातून आलंय म्हणाले. किंमत ऐकून वाटलं की आत पारशीही आहे.

सागवानावरून आठवलं. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये आपल्या चंद्रपूर-बल्लारपूरकडचं सागवान वाजतगाजत गेलं. ओशिवऱ्याच्या अगदी लगत आमचंही राम मंदिर आहे, पण ते स्टेशन. २२ डिसेंबर २०१६ ला सुरू झालं. दारात उभं राहून तिथे उतरणाऱ्यांना सागवान लागत नाही.

ओशिवऱ्याचं तयार कपाट न घेण्याचं कारण साधं होतं. ते त्यांच्या भिंतीच्या मापाचं असतं. आमची भिंत, आधी सांगितल्याप्रमाणे, गुण्यात नाही.

आईला हा सगळा पैशांचा व्यवहारच मान्य नव्हता. ती कऱ्हाडकडची. तिच्या वडिलांच्या वेळी सुतार बलुतं घ्यायचा. त्र्यंबक नारायण आत्र्यांच्या १९१५ च्या ‘गावगाड्या’त ही व्यवस्था तपशिलाने वाचायला मिळते: वर्षभर नांगर, कुळव, तिफण करायची, दुरुस्त ठेवायची आणि सुगीला खळ्यावर जाऊन आपला धान्याचा वाटा न्यायचा. बारा बलुतेदारांत सुतार थोरल्या ओळीतला. “तेव्हा काही फूटबीट नव्हतं,” आई म्हणाली. पण खोदून विचारल्यावर तिनेच सांगितलं की बलुत्यात शेतीची औजारं यायची; घराची चौकट, पलंग, देव्हारा यांचे वेगळे द्यावे लागत. म्हणजे ‘एक्स्ट्रा काम’ तेव्हाही होतंच, फक्त ते ज्वारीत मोजायचे. शिवाय फेविकॉल आला १९५९ मध्ये. त्याआधी लाकूड चिकटवायला जनावरांच्या हाडा-कातड्याचा सरस उकळायचे. तो वास आमच्या सोसायटीने कुठल्या फॉर्मवर मंजूर केला असता, कोण जाणे.

सुताराच्या बिलाचा सगळ्यात जुना कागद शोधायला गेलं तर तो दगडावर सापडतो. लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या चैत्यगृहात छताला लाकडी कमानी आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या, मूळच्या. तिथल्याच एका ब्राह्मी लेखात धेनुकाकट गावचा सुतार सामी, वेणुवासाचा मुलगा, याने लेण्याचं दार केल्याचं नोंदवलं आहे. गाव आहे, धंदा आहे, नाव आहे, बापाचं नाव आहे. रक्कम नाही. मजुरी की विथ मटेरियल, तेही नाही. भावाबद्दल खरं न सांगण्याची आमच्या सोसायटीची परंपरा किती जुनी आहे ते बघा. आमच्या जोगेश्वरीच्या लेण्यात तर सहाव्या शतकात खांबांपासून द्वारपालांपर्यंत सगळं खडकातच कोरून काढलं. प्लाय नाही, मायका नाही, बिजागरी तर नाहीच. गळती मात्र तिथेही आहे.

तर काम सुरू झालं. इथून पुढे जे पैसे गेले त्यात मिस्त्रीचा काडीचा दोष नाही, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. तो आपला ५४ फुटांचं कपाट करत होता. घरातल्या माणसांच्या तोंडून मात्र ‘आता आलाच आहात तर’ हे शब्द बाहेर पडू लागले होते.

पहिला मान बाथरूमच्या दाराचा. ते दर पावसाळ्यात फुगतं आणि जूनपासून ऑक्टोबरपर्यंत आम्ही आतून ‘आहे हो’ असं ओरडून कडीचं काम भागवतो. मिस्त्रीने दार उतरवून आडवं टाकलं, बोटाने चाचपून जिथे घासत होतं तिथे पेन्सिलीने रेघ मारली आणि रंधा घेतला. विजेचं यंत्र बाजूला होतं, पण याला हाताचाच बरा म्हणाला. लांब, अखंड, भुरभुरत्या गुंडाळ्या निघू लागल्या. प्रत्येक दोन-तीन हातांनंतर तो थांबे, कडेवरून अंगठा नेई, परत एक हात मारी. “दो सूत निकाला, बस,” म्हणाला. दार परत बसवलं, बोटाने ढकललं आणि ते गेलं. एवढ्या सुबक कामाचे किती द्यायचे ते विचारायला मी तोंड उघडलं, तोवर आई म्हणाली, “आता आलाच आहात तर या पाटाचा पाय बघा.”

पाटाचा पाय फुकट झाला. मग स्वयंपाकघरातली मांडणी, दिवाणाचं कुरकुरणं, गच्चीवर पडलेल्या पाळण्याच्या फळ्यांचं बुटांचं कपाट. समोरच्या वहिनी आमच्याकडचं काम बघायला आल्या आणि हातात पोळपाट घेऊन आल्या. लॉफ्टच्या उरलेल्या तुकड्यांत देव्हारा बसेल का, असं बायकोने विचारलं तेव्हा मिस्त्रीने दोन्ही हात जोडले आणि सांगितलं की देवाच्या कामाला प्लाय वापरत नाहीत, सागवान आणा. सागवान घनफुटावर मिळतं. त्या गणिताला भिंतीवर जागा उरली नव्हती, दाराच्या मागे करावं लागलं.

अंतिम बिल मी कोणाला दाखवलेलं नाही. त्यात कपाटाची ओळ तिसऱ्या पानावर आहे.

कपाट पूर्ण झालं, एक ड्रॉवर सोडून. हा एक ड्रॉवर प्रत्येक घरात राहतो. त्याचं कारण आळस नसतं, करार असतो. मालक शेवटचे पाच हजार अडकवून ठेवतो, कारण पूर्ण पैसे दिले की सुतार फिरकत नाही. सुतार शेवटचा ड्रॉवर अडकवून ठेवतो, कारण काम पूर्ण केलं की मालक फोन उचलत नाही. दोघांनाही एकमेकांची तारण ठेवलेली वस्तू मिळाल्यामुळे दोघेही निर्धास्त होतात आणि कोणीच घाई करत नाही. आमच्या त्या पोकळीत बायकोने छत्र्या ठेवायला सुरुवात केली होती. फोन केला की मिस्त्री म्हणे, “गाव आया हूँ भाभी, चार दिन में आता हूँ.” त्याचे चार दिवस होळीच्या अलीकडून निघाले ते अक्षय्य तृतीयेच्या पलीकडे गेले.

आला तेव्हा उन्हाने रापला होता आणि वैतागलेला दिसत होता. पंधरा मिनिटांत चॅनेल ठोकले, ड्रॉवर बसवला, दोनदा सरकवून दाखवला. छत्र्या जमिनीवर आल्या. बायको जे बोलायचं ठरवून बसली होती ते बोलायला तिने पदर खोचला, पण तिच्याआधी तोच बोलू लागला. गावी घर बांधतोय. दारं-खिडक्यांचं काम स्वतः करायला वेळ कुठे, म्हणून तिथला सुतार लावला. “फूट का क्या रेट बोलता है मालूम है? लूट है, सर, लूट. और एक दिन आता है, तीन दिन गायब.” त्याच्यामागे उभं राहून काम करून घ्यायचं म्हणून हा इतके दिवस तिकडे बसला होता. चौकटी उभ्या राहिल्या, दारं अर्धी झाली आणि एका सकाळी तो सुतार औजारांची पेटी उचलून मुंबईला निघून गेला. इकडे जोगेश्वरीत कुठेतरी मोठं काम मिळालं म्हणे.

बायकोने पदर सोडला आणि चहा टाकला. कप त्याच्या हातात देताना हळूच विचारलं, “ॲडव्हान्स दिला होता का त्याला?”

मिस्त्रीने कपात बघितलं. “पूरा दे दिया था, भाभी.”